फ्रेंच क्रियापदांचे सिलॅबल आणि आघात : प्रकल्प नोंदी

३ जून

कामाची हद्द ठरवली. संध्याकाळच्या वर्गातल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी फ्रेंच क्रियापदांचे उच्चारतक्ते करायचे. प्रत्येक रूप सिलॅबलमध्ये (एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यांत) तोडलेलं, आघात म्हणजे जोर कुठे पडतो त्याची खूण, आणि सगळं देवनागरीत. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी शिकवायला वेळ नाही. शिवाय मुलं पुस्तकातल्या ओळींवर पेन्सिलीने देवनागरी लिहितातच. ते काम निदान एका पद्धतीने व्हावं.

लिपीचे संकेत असे: 'ज' नेहमी 'बाजार'मधला, 'झ' म्हणजे 'बाँझूर'मधला. ज्या रोमन 'ई'वर कसलीच खूण नसते आणि जिचा उच्चार पुटपुटल्यासारखा होतो, तिच्यासाठी आपला साधा 'अ'. म्हणजे 'ल', 'म', 'द' हे फ्रेंच शब्द मराठी माणूस आपोआप बरोबर वाचेल. ही सोय इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकांना नाही. उघडा आणि बंद 'ए' वेगळा दाखवणार नाही. तो फरक कानाने शिकवू. आघाताची खूण सिलॅबलच्या आधी उभी रेघ: ˈ.

प्रोग्रॅम लिहिणारा सहकारी विचारतो, "स्पेलिंगवरूनच तोडलं तर नाही का चालणार? नियम तर सोपे दिसतायत." करून बघू म्हटलं.

५ जून

स्पेलिंगवरून नाही चालणार. पहिल्याच क्रियापदाला ते दिसलं.

'पार्ले' म्हणजे बोलणे. (मुंबईकरांना इथे बिस्किटाचा वास येतो, वर्गात दरवर्षी हसू होतं, होऊ द्यावं. शब्द लक्षात राहतो.) वर्तमानकाळाची सहा रूपं लिहिताना पाच तऱ्हेची दिसतात. मी, तू, तो आणि ते या चारही पुरुषांत उच्चार मात्र एकच: पार्ल. एक सिलॅबल. 'आम्ही'ला पार-लों, 'तुम्ही'ला पार-ले, दोन-दोन. कागदावर 'ते'चं रूप सर्वांत लांब, शेवटी ई-एन-टी अशी तीन अक्षरं लटकलेली, आणि तोंडात त्यांतलं एकही नाही. लेखी नियम लावला तर प्रोग्रॅम तिथे 'पार-लां' असे दोन तुकडे पाडतो आणि वर शेवटच्या तुकड्यावर आघात ठेवतो. म्हणजे जे सिलॅबल अस्तित्वातच नाही, त्यावर जोर.

छपाईत ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याचे नियम आणि बोलण्यातले सिलॅबल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फ्रान्समधल्या शाळांतही लेखी सिलॅबल आणि बोली सिलॅबल असा भेद करून शिकवतात. आपल्याला फक्त दुसरी गोष्ट हवी. म्हणून क्रम ठरला: आधी ध्वनी, मग सिलॅबल, आघात सर्वांत शेवटी.

९ जून

ध्वनींसाठी 'लेक्सिक' हा मोफत मिळणारा फ्रेंच शब्दकोश-डेटाबेस घेतला. सुमारे १ लाख ४० हजार शब्दरूपं, प्रत्येकापुढे उच्चार, सिलॅबलची फोड आणि क्रियापद असेल तर काळ-पुरुष. उच्चारासाठी त्यांची स्वतःची एकखुणी पद्धत आहे: 'आं'ला @, 'ओं'ला §, पुटपुटत्या 'अ'ला °. देवनागरीत फिरवायला अवघड नाही.

काळ-पुरुषाचा रकाना सोन्यासारखा आहे, कारण ई-एन-टीच्या शेपटीचे शब्द त्याशिवाय सुटत नाहीत. 'कु-व्हां' म्हणजे जोगिणींचा मठ. अगदी त्याच स्पेलिंगचं क्रियापद 'कूव्ह' म्हणजे (त्या) अंडी उबवतात. फ्रेंच शाळकरी पोरांचं आवडतं वाक्य मठातल्या कोंबड्यांवर याच जोडीमुळे बेतलेलं आहे. त्याहून खट्याळ जोडी दोन्ही बाजूंनी क्रियापदांची: 'कों-व्ह्यॅं' (योग्य असतं, एकवचन) आणि 'कों-व्ही' (आमंत्रण देतात, अनेकवचन). स्पेलिंग एक, सिलॅबल दोन्हीकडे दोन, पण दुसरं सिलॅबल पार वेगळं. म्हणजे सिलॅबलची संख्या जुळली म्हणून उत्तर बरोबर आलं असं समजायचं नाही. तपासणीत संख्या आणि ध्वनी दोन्ही बघायचे, अशी सूचना टाकली.

१४ जून

व्यंजनांची वाटणी. हा भाग सरळ आहे. दोन स्वरांमध्ये एक व्यंजन असेल तर ते पुढच्या सिलॅबलला: आ-रि-व्हे (पोचणे). दोन असतील तर मधून तोडायचं: पार-तीर (निघणे), रेस-ते (राहणे). पण दुसरं व्यंजन 'ल' किंवा 'र' असून पहिलं प, ब, त, द, क, ग, फ, व्ह यांपैकी असेल तर जोडी फुटत नाही: मों-त्रे (दाखवणे), सां-ब्ले (वाटणे, भासणे). मराठी जोडाक्षर या जोड्या आपोआप एकत्र ठेवतं. 'पार-ले'मध्ये मात्र 'र' आणि 'ल' वेगळे पडतात, कारण तिथे 'र' आधी आहे.

२१ जून

आज पुटपुटता 'अ'. प्रकल्पातला सर्वांत गुंतागुंतीचा आणि सर्वांत मजेचा भाग हाच.

एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, "सर, बोलायचाच नाही तर लिहितात कशाला?" तिला म्हटलं, 'घर' लिहिताना तू 'र'चा पाय मोडतेस का? आपण 'करतो' लिहितो आणि 'कर्तो' म्हणतो, 'बोलतात' लिहितो आणि 'बोल्तात' म्हणतो. कुठला 'अ' गळतो हे मराठी माणसाला कोणी शिकवलेलं नसतं आणि तो कधी चुकतही नाही. आपला 'अ' जसा लिहिण्यात असतो आणि बोलण्यात गळतो, तशीच फ्रेंचांची 'ई'. हे कळल्यावर वर्गाचा अर्धा विरोध मावळतो.

गळण्याची शिस्तही जवळची आहे. 'मित्र', 'चंद्र' यांत शेवटचा 'अ' जरासा ऐकू येतोच, कारण जोडाक्षरानंतर तो टाकला तर जीभ अडते. फ्रेंचमध्ये हीच गोष्ट शब्दाच्या मध्ये घडते. मोरिस ग्रामों या ध्वनिविदाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मांडलेला 'तीन व्यंजनांचा नियम' असा: 'अ' गाळल्यावर तीन व्यंजनं एकमेकांवर आदळणार असतील तर 'अ' ठेवायचा, नाहीतर तो जातो. नियमाला अपवाद पुष्कळ निघाले आणि नंतरच्या अभ्यासकांनी तो बराच दुरुस्त केला. पण वर्गापुरता तो पुरतो.

भविष्यकाळात हे लख्ख दिसतं. 'तुम्ही प्रेम कराल': एम-रे, दोन सिलॅबल, मधला 'अ' गेला. 'तुम्ही द्याल': दोन-रे, तसंच. 'तुम्ही बोलाल': पार-ल-रे, तीन, कारण 'अ' गाळला तर र-ल-र एकत्र येतात. 'तुम्ही दाखवाल': मों-त्र-रे. 'तुम्ही राहाल': रेस-त-रे. पाचही क्रियापदं एकाच गणातली, प्रत्यय तोच, तरी सिलॅबलची संख्या वेगवेगळी. लेखी फोडीत मात्र 'अ'चं सिलॅबल सगळीकडे मोजलं जातं.

एक बारकावा सहकाऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये वेगळा लिहावा लागला. 'तुम्ही विचाराल' हे 'द-मां-द-रे' असं तोडून मग 'अ' गाळला तर एकटा 'द' लोंबकळत राहतो. आधी 'अ' गाळायचा आणि मग पुन्हा तोडायचं: द-मां-द्रे. 'द' आणि 'र' शेजारी आले की १४ जूनच्या नियमाने जोडी जमते.

संकेतार्थ रूपात आणखी एक गंमत. 'तुम्ही प्रेम केलं असतंत, कराल' या अर्थाच्या रूपात प्रत्यय 'र्ये' होतो, आणि भविष्यकाळात गेलेला 'अ' परत येतो: ए-म-र्ये. 'म'नंतर लगेच 'र्य' फ्रेंच जिभेला झेपत नाही.

दक्षिणेकडे, तुलूझ-मार्सेय भागात, हे गाळणं बरंच कमी. तिथल्या पारंपरिक बोलीत 'पार्ल'ची दोन सिलॅबल होतात, पण आघात 'पार'वरच: ˈपार-ल. तक्त्यात पॅरिसकडचा उच्चारच ठेवतोय. दक्षिणेचा रकाना प्रोग्रॅममध्ये आहे, छापायचा नाही.

२३ जून

'यों' आणि 'ये' हे प्रत्यय. 'आम्ही बोलत होतो': पार-ल्यों, दोन. 'आम्ही दाखवत होतो': मों-त्रि-यों, तीन. 'त्र', 'द्र', 'ब्ल' यांच्यामागे अर्धा 'य' बसत नाही, 'इ' पूर्ण उच्चारावी लागते. म्हणून 'तुम्ही असाल' (संकेतार्थ) स-र्ये आणि 'तुम्हाला आवडेल, हवं असेल' व्हू-द्रि-ये. सतराव्या शतकापर्यंत कवी अशा जागीही एकच सिलॅबल मोजत. जीभ अडखळत होती तरी. मूळ रूपांतही तेच: 'ल्ये' (बांधणे) एक, पण 'क्रि-ये' (ओरडणे) दोन, 'उ-ब्लि-ये' (विसरणे) तीन.

३० जून

आता आघात. इथे पाठ्यपुस्तकं एका वाक्यात आटपतात: 'फ्रेंचमध्ये आघात शेवटच्या सिलॅबलवर.' हे वाक्य खोटं नाही, पण 'कशाच्या' शेवटच्या ते सांगत नाही. शब्दाच्या नव्हे. एका दमात बोललेल्या शब्दगटाच्या.

इल-ˈपार्ल. (तो बोलतो.)
इल-पार्ल-फ्रां-ˈसे. (तो फ्रेंच बोलतो.)
इल-पार्ल-फ्रां-से-कु-रा-ˈमां. (तो सफाईने फ्रेंच बोलतो.)

पहिल्या ओळीतला क्रियापदावरचा आघात दुसऱ्या ओळीत उडाला, तिसरीत 'से'वरचाही उडाला. मग सुट्ट्या क्रियापदरूपावर खूण छापणं म्हणजे विद्यार्थ्याला दिशाभूल करणारी माहिती देणं. इंग्रजी शिकून आलेली मुलं आधीच 'पार'वर जोर देतात. सुट्टा शब्द पाठ केला तर तो जोर वाक्यातही चिकटून राहतो. निर्णय: तक्त्यात सुटं रूप कुठेच नाही. प्रत्येक रूप सर्वनामासह, आणि खाली एक लांब वाक्य, ज्यात आघात पुढे सरकलेला दिसेल.

सर्वनाम जोडलं की शब्दांच्या सीमाही पुसल्या जातात. 'ती पोचते' हे दोन शब्द, पण सिलॅबल ए-ला-ˈरीव्ह: पहिल्या शब्दाचा 'ल' दुसऱ्यात गेला. 'आम्ही प्रेम करतो' नू-जे-ˈमों, 'तुम्ही' व्हू-जे-ˈमे. 'तो प्रेम करतो' इ-ˈलेम, 'ते प्रेम करतात' इल-ˈजेम. शेवटच्या जोडीत एकवचन-अनेकवचनाचा फरक क्रियापदात ऐकूच येत नाही, तो फक्त त्या 'ज'मध्ये आहे. आणि तो 'ज' लिहिलेला असतो सर्वनामाच्या शेवटी, ऐकू येतो क्रियापदाच्या सुरुवातीला.

फ्रेंच आघात म्हणजे आवाज चढवणं नव्हे, मुख्यतः लांबवणं. आणि इथे देवनागरीने अनपेक्षित मदत केली. आघात असलेल्या सिलॅबलच्या शेवटी र, व्ह, ज किंवा झ असेल तर स्वर स्पष्टपणे दीर्घ होतो. म्हणून ए-ला-ˈरीव्ह दीर्घ, आणि व्हू-जा-रि-ˈव्हे यात तोच स्वर ऱ्हस्व. रोमन लिपीत दोन्हीकडे एकच 'आय'. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी हजर आहे, ती वापरायची. शुद्धलेखनाच्या तासाला जिच्या नावाने बोटं मोडली, ती इथे कामी आली.

६ जुलै

आज तक्ता पाहताना वर्गाने स्वतःच एक गोष्ट पकडली. 'मी उचलतो' झ-ˈलेव्ह, 'आम्ही उचलतो' नू-ल-ˈव्हों. एकात 'ले', दुसऱ्यात 'ल'. 'मी फेकतो' झ-ˈझेत, 'आम्ही' नू-झ-ˈतों. 'मी हाक मारतो' झा-ˈपेल, 'आम्ही' नू-जा-ˈप्लों. 'मी विकत घेतो' झा-ˈशेत, 'आम्ही' नू-जाश-ˈतों.

कारण सोपं आहे आणि व्याकरणाच्या पुस्तकात ते क्वचितच सोपं करून दिलेलं असतं. पुटपुटता 'अ' आघात पेलू शकत नाही. 'आम्ही'च्या रूपात आघात प्रत्ययावर, तेव्हा धातूतला 'अ' निवांत राहतो, किंवा गळतोही. 'मी'च्या रूपात प्रत्यय मुका, आघात धातूवर येऊन पडतो, आणि 'अ'ला 'ए' व्हावं लागतं. स्पेलिंगमध्ये हा बदल कधी 'ई'वर उलटी तिरकी रेघ देऊन दाखवतात, कधी पुढचं व्यंजन दुप्पट करून. विद्यार्थी याला दोन वेगळ्या अपवादांच्या याद्या म्हणून पाठ करतात. खरं तर तो आघाताचा एकच नियम, दोन पोशाखांत.

६ डिसेंबर १९९०च्या फ्रेंच सरकारी राजपत्रात ज्या लेखनसुधारणा छापल्या गेल्या, त्यांत हा घोळ कमी केला आहे: या जातीच्या जवळजवळ सगळ्या क्रियापदांना तिरकी रेघच द्यावी, व्यंजन दुप्पट फक्त 'हाक मारणे' आणि 'फेकणे' या दोन क्रियापदांत आणि त्यांच्या कुटुंबात ठेवावं. जुनं लेखनही चुकीचं ठरवलेलं नाही, त्यामुळे पुस्तकांत दोन्ही भेटतात. त्याच सुधारणेत एक जुनाट ऐटबाज रूपही आहे: 'मी' क्रियापदाच्या मागे टाकून विचारलेला प्रश्न, 'प्रेम करतो का मी?'. उच्चार ए-ˈमेझ. सर्वनामाचा स्वर मुका झाला, आघात मागे सरकून क्रियापदाच्या शेवटच्या 'अ'वर आला, तो 'ए' झाला. बोलताना असं आता कोणी म्हणत नाही, पण नियमाचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मिळणार नाही.

उलट दिशेचा सापळा: 'आम्ही करतो' हे नू-फ-ˈजों. लिहिताना ए-आय, म्हणून सगळे 'फे-जों' म्हणतात. 'तुम्ही करता' मात्र व्हू-ˈफेत. वर्तमानकाळात 'तुम्ही'चा नेहमीचा 'ए' प्रत्यय न घेणारी मूळ क्रियापदं तीनच: करणे, म्हणणे, असणे. फेत, दीत, एत. तिघांतही आघात धातूवर.

७ जुलै

कालच्याला जोडून. 'मी धरतो' झ-ˈत्यॅं, 'आम्ही' नू-त-ˈनों. 'मी येतो' झ-ˈव्ह्यॅं, 'आम्ही' नू-व्ह-ˈनों, 'ते' इल-ˈव्ह्येन. 'मी पितो' झ-ˈब्वा, 'आम्ही' नू-ब्यू-ˈव्हों. यांना अनियमित म्हणून वेगळ्या पानावर हाकलतात. पण मी-तू-तो-ते एका बाजूला आणि आम्ही-तुम्ही दुसऱ्या, ही विभागणी कालच्यासारखीच आहे, फक्त फार जुनी. लॅटिनमध्ये आघात शब्दागणिक वेगळ्या जागी पडे. ज्या रूपांत तो धातूवर होता तिथे धातूचा स्वर फुटून दुहेरी झाला, जिथे प्रत्ययावर होता तिथे विझून 'अ' झाला.

जुन्या फ्रेंचमध्ये असे जोड शेकड्यांनी होते. 'प्रेम करणे'ची 'मी'ची रूपं 'एम', तर 'आम्ही'ची 'आमों'. पुढे भाषेने सगळीकडे 'एम' करून टाकलं. जुना 'आम' प्रियकरासाठीच्या 'आ-मां' या शब्दात उरला. 'बोलणे'मध्येही 'मी'ला 'पारोल' होतं आणि 'आम्ही'ला 'पार्लों'. ते 'पारोल' क्रियापदातून गेलं; नाम म्हणून 'शब्द, बोलणं' या अर्थाने आजही आहे. जी क्रियापदं रोज फार लागतात, ती तशीच वाकडी राहिली: येणे, धरणे, पिणे, मरणे, शकणे.

तक्त्याची मांडणी यावरून बदलली. 'मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते' हा पाठांतराचा क्रम मोडून 'ते' चौथ्या जागी घेतला. आता वरची चार रूपं एका रंगात, खालची दोन दुसऱ्या. सहकाऱ्याचं म्हणणं, परीक्षेत नेहमीचा क्रम विचारतात. विचारू देत, कान तयार असला की क्रम कोणताही लावता येतो.

१५ जुलै

कवितेसाठी वेगळा प्रकार ठेवावा का, यावर थोडा वेळ गेला. अभिजात फ्रेंच पद्यात पुढे व्यंजन असेल तर गळालेला 'अ' परत मोजतात: बोलताना 'एम', ओळीच्या मध्ये 'ए-म'. भुजंगप्रयातात 'गणाधीश'चा 'श' बोलताना पाय मोडलेला, वृत्तात मात्र पूर्ण लघु, तसंच हे. 'ते करत होते' या रूपांच्या शेवटी ई-एन-टी असूनही पद्यात त्याचं वेगळं सिलॅबल धरत नाहीत. वर्गाला याची गरज नाही. सोडून दिलं.

१९ जुलै

आज्ञार्थ. पुटपुटता 'अ' आघात पेलत नाही, हा नियम प्रोग्रॅममध्ये पक्का बसवला होता, आणि आज्ञार्थाने त्याला लगेच अडवलं. 'ते घे': प्रां-ˈल. 'ते सांग': दी-ˈल. सर्वनाम गटाच्या शेवटी आलं, आघात तिथेच पडणार, आणि तिथे 'अ'शिवाय दुसरा स्वर नाही. तेव्हा तो पेलतो. ओठ गोल करून, पूर्ण लांबीचा, गाळण्याची मुभा नाही. 'मला' या सर्वनामाने मात्र त्याच जागी रूपच बदललं: इल-म-र-ˈगार्द (तो मला बघतो), पण र-गार्द-ˈम्वा (मला बघ, माझ्याकडे बघ). 'ल'ला असं दुसरं, भक्कम रूप उपलब्ध नाही.

नियमाची दुरुस्ती शब्दाच्या पायरीवर न करता गटाच्या पायरीवर केली: क्रियापदामागे जोडरेघेने आलेलं 'ल' दिसलं की आघात त्यावर, बाकी सगळीकडे बंदी कायम. प्रश्नार्थी रूपं याच पायरीवर सुटली: पार-ले-ˈव्हू, पार्ल-ˈतिल. नकारार्थी आज्ञेत सर्वनाम पुन्हा क्रियापदाच्या आधी येतं आणि 'ल' पुन्हा हलका होतो. न-ल-प्रां-ˈपा, भरभर बोलताना नल-प्रां-ˈपा. तक्त्यात दोन्ही छापायचे, वर सावकाश, खाली भरभर.